आकारामच्या डोळ्यांतले कडे

मित्रांनो, मी डोळे तपासण्याचा एक जुना दिवा आहे. हनुवटी टेकवायची पट्टी, प्रकाशाची बारीक फट आणि समोर दुर्बीण, एवढेच माझे अंग. मी परदेशात घडलो, बोटीने आलो आणि सांगलीत डॉक्टर गुळवणींच्या दवाखान्यात स्थिरावलो. मोतीबिंदू झालेली कितीतरी माणसे माझ्यासमोर बसली. बरी झालेली काही जण जाताना मलाही नमस्कार करत.

१९६४च्या उन्हाळ्यात आटपाडीकडचा आकाराम आला. सव्वीस वर्षांचा गवंडी. सोबत आई अंबूबाई आणि धाकटी बहीण राहीबाई. त्याचे हात इतके कापत की पाण्याचा पेला तोंडाशी नेईपर्यंत अर्धा सांडे. पोट फुगलेले, बोलणे जड, अंग पिवळे. गावाने ठरवले होते, हा दारू पितो. त्याला काम मिळेना, बायकोही माहेरी निघून गेली. थोरला भाऊ सहा वर्षांपूर्वी असाच पोट फुगून, रक्त ओकून गेला होता.

आकारामने हनुवटी टेकवली. मान स्थिर राहीना, म्हणून राहीबाईने ती मागून धरली. माझ्या प्रकाशात बुबुळाच्या कडेने तपकिरी-हिरवे कडे दिसले. डॉक्टर बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी जाडजूड पुस्तक काढून वाचले आणि समजावले. अन्नातले तांबे याच्या शरीराला बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात, मेंदूत, डोळ्यांत साठते. हा दोष जन्मापासूनचा, आईबापांकडून आलेला.

आकाराम अडखळत म्हणाला, "डाक्टर, मी दारू पीत न्हाई. येवढं कागदावर लिहून द्या."

डॉक्टरांनी लिहून सही केली. मग राहीबाईला बसवले. ती धडधाकट होती, तरी तिच्या डोळ्यांतही फिकट कडे होतेच.

औषध परदेशातून मागवावे लागले. ते दिवाळीत आले. आकाराम श्रावणातच गेला होता. तो कागद आईने त्याच्या उशाला ठेवला होता, म्हणे.

राहीबाईसाठी त्या गोळ्या न्यायला अंबूबाई आली तेव्हा तिने विचारले, "आवं डाक्टर, माज्या थोरल्यालाबी ह्येच हुतं?"

"तेच असणार, बाई."

ती बाकावर बसली. "मी म्हनले, जावंनं करनी केली. तिला उंबरा चढू दिला न्हाई कवा. गेल्या साली मेली ती."

डॉक्टरांनी गोळ्यांची बाटली तिच्या हातात दिली आणि राहीबाईने त्या रोज, जन्मभर घ्यायच्या, असे सांगितले.

राहीबाई पुढे दरवर्षी येऊन माझ्यासमोर बसे. तिचे हात कधी कापले नाहीत.

मित्रांनो, आता मी अडगळीत आहे, काचेवर बुरशी धरली आहे. मला कुणी पुसले नाही तरी चालेल. पण कुणाचे हात कापताना दिसले, तर त्याला नाव ठेवण्याआधी दवाखान्यात न्या. आणि त्याच्या भावंडांनाही सोबत न्या.