सलाईनवर ठेवलेली मुळी

मी लिंबाच्या झाडाची एक मुळी. लोक झाडाकडे बघतात ते मान वर करून, त्यामुळे माझी ओळख करून द्यायला कुणी येणार नाही. माझं मीच बोलते. जरा जास्तच बोलते, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म दवाखान्यातला. कंपाउंडरकाकांनी दुपारच्या सरबतातली बी औषधाच्या रिकाम्या डब्यात खोचली. बीतून सगळ्यात आधी बाहेर पडले ती मी, पानंबिनं नंतर. पण कौतुक झालं पानांचं. काका डॉक्टरबाईंना हात धरून दाखवायला आणत होते, तेव्हा मी खाली अंधारात माती चाचपत होते. चालायचंच.

दोन वर्षांत रोपाला मोठी कुंडी मिळाली आणि पेशंटच्या बाकाशेजारची खिडकी. काका येईल त्याला सांगायचे, "लेक पुढच्या महिन्यात नव्या घरी जातेय. हे तिच्या अंगणात लावणार. शब्द दिलाय तिला."

माझं काम काय, तेही सांगून टाकते. माझ्या अंगावर अगदी बारीक केस असतात. ते मातीच्या कणाकणांत शिरतात आणि तिथलं पाणी घेतात. मी काही नळी लावून पाणी पीत नाही हो. माझ्या आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, आणि पाणी पातळाकडून दाटाकडे आपणहून जातं. क्षारांचं तसं नाही. त्यातले बरेचसे ताकद लावून आत ओढावे लागतात, आणि त्या ताकदीसाठी मला मातीतली हवा लागते. पुढे वरून पानं ओढ लावतात आणि सगळा माल वर चढतो.

एकदा दवाखाना चार दिवस बंद होता. परत येऊन बघतात तर रोप मलूल. तांब्याभर पाणी घातलं असतं तर भागलं असतं. पण काकांनी निदान केलं, "अशक्तपणा आहे." तीस वर्षं त्यांनी माना टाकलेली माणसं सलाईनवर उठून बसताना पाहिली होती. एका पेशंटची बाटली अर्धी उरली होती, ती त्यांनी मोठ्या मायेनं कुंडीत ओतली.

मग रोजच ओतू लागले. उन्हानं पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं. होता होता मातीतलं पाणी माझ्या रसापेक्षा दाट झालं आणि सगळं उलटं फिरलं. पाणी आत यायचं सोडून माझ्यातूनच बाहेर जायला लागलं. चहूकडे ओल आणि मी तहानेनं व्याकूळ! माझे केस एकेक करून गळून गेले. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पानांनी माना टाकल्या, एवढीच काय ती आमची बोंब. काकांनी ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी अख्खी बाटली रिकामी केली.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, पेशंट हे बघून घाबरतात. उद्या सकाळी मला ही कुंडी इथे दिसायला नको."

"लेकीला काय सांगू, बाई?"

बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

संध्याकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी कुंडीपाशी थांबल्या. मातीवर पांढरा थर आला होता. त्यांनी तो नखानं खरवडला आणि जिभेला लावला.

"काका, मीठ कुणी घातलं यात?"

"मीठ कुठलं? सलाईन आहे ते."

"आणि सलाईनमध्ये काय असतं?"

काकांनी बाटलीवरचं लेबल वाचलं आणि कपाळावर हात मारला. आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांना 'घाबरू नका, मिठाचं पाणी आहे' असं सांगणारा हा माणूस. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. मग दोघांनी कुंडी मागच्या नळाखाली नेली आणि साधं पाणी सोडलं, ते खालच्या भोकातून धो धो वाहून जाईपर्यंत. थांबून, निथळू देऊन, पुन्हा पाच वेळा. त्या पाण्याबरोबर माझं सगळं दुखणं वाहून गेलं म्हणा ना.

काकांनी कुंडी काखेत मारली आणि घरी नेली. महिनाभर ती सावलीत होती. मला नवे केस फुटले, वर दोन पोपटी पानं आली. लेकीला त्यांनी खरं ते सांगितलं, "मीच मारत होतो याला."

ती म्हणाली, "जिवंत आहे ना, बाबा? मग खड्डा खणा."

आता मी तिच्या अंगणात आहे. इथे माती भुसभुशीत आहे, हवा खेळती आहे, गांडुळांची संगत आहे. काका दर रविवारी येतात आणि काय करतात सांगू? बुंध्याशी काठी रोवून तिला सलाईनची बाटली टांगतात, नळीची चकती फिरवून थेंब मोजून लावतात. शेजारी हसतात. काकांची सवय काही जात नाही, आणि खरं सांगायचं तर थेंबाथेंबानं आलेलं पाणी मलाही छान पचतं.

तुमच्या घरी माझी कुणी बहीण कुंडीत असेल, तर तिच्यावर माया जरूर करा. फक्त काकांसारखी करा. बाटलीत नळाचं पाणी ते स्वतः भरतात, तरीसुद्धा टांगण्याआधी एक घोट पिऊन बघतात.