खाली कोण आहे

वडिलांनी सिमेंटच्या पोत्यांचा गठ्ठा सहाव्या मजल्यावर अलगद टेकवला, तेव्हा पडद्यावर "वेळ संपली" ही लाल अक्षरं केव्हाच उमटून गेली होती. त्यांनी अक्षरांकडे पाहिलंही नाही. हूक मोकळा झाल्याची खात्री करून घेतली, दोर हातभर वर ओढला आणि मगच कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"हरलात, बाबा," मुलगी म्हणाली.

"पोती तर शाबूत आहेत."

"चाळीस सेकंदांत ठेवायची होती. तुम्हाला साडेतीन मिनिटं लागली."

"चाळीस सेकंदांत पोती ठेवणाऱ्याला मी क्रेनच्या शिडीला हात लावू दिला नसता."

मागच्या टेबलावर बसलेली प्रोग्रॅमर हसली आणि मग खोकल्यासारखं काहीतरी करून गप्प बसली.

हा खेळ मुलीचा होता. दोन वर्षं ती तो घडवत होती: एक उंच क्रेन, खाली वाढत जाणाऱ्या इमारती, आणि दर वेळी उचलून ठेवायचं नवं ओझं. वडिलांनी चौतीस वर्षं खरी क्रेन चालवली होती. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. आज सकाळी आई म्हणाली होती, "घेऊन जा गं यांना तुझ्याबरोबर. काल स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले. आज बहुतेक माझा नंबर आहे."

पण मुलीनं त्यांना आणलं होतं ते कामासाठी. खेळ बाजारात यायला तीन आठवडे उरले होते. वीस जणांना तो घरी खेळून बघायला दिला होता आणि चौथ्या दिवसापर्यंत त्यातल्या तेरा जणांनी खेळणं सोडलं होतं. कुणी वाईट बोललं नव्हतं. "छान आहे, पण तेच तेच होतं," एवढंच. मुलीनं त्याचा अर्थ लावला की क्रेन पुरेशी खरी वाटत नसावी. खेळात काही कमी आहे, असं तिला वाटत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिनं फळ्यावर ठळक लिहिलं होतं: एक खेळ, एक रीत. घड्याळाशी शर्यत, बस. चाळीस लेव्हल्स आणि प्रत्येकीत एक घड्याळ. इतर खेळांत दहा तऱ्हेचे मोड असतात आणि त्यातला एकही धड नसतो, हे ती कुणालाही पटवून देऊ शकत असे.

वडील दुसरी लेव्हल हरले. तिसरीही हरले. हरण्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचाच तिला राग येत होता.

"तुम्ही प्रयत्नच करत नाही आहात."

"करतोय की. त्या कोपऱ्यातल्या टिकटिकीला काय घाई आहे, ते मात्र कळत नाही."

मुलगी प्रोग्रॅमरकडे वळली. "घड्याळ बंद कर जरा."

"मग खेळ काय उरला?" प्रोग्रॅमर म्हणाली. चाळीसही लेव्हल्सचे विक्रम तिच्या नावावर होते. घड्याळ तिला मनापासून आवडत असे.

"दहा मिनिटांपुरतं."

घड्याळ गेलं. वडिलांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, पाय जमिनीवर सपाट टेकवले आणि काचेची तावदानं उचलली.

ओझं झुलायला लागण्याआधीच त्यांचा अंगठा हलत होता. क्रेनचा आडवा हात झोक्याच्या पाठोपाठ जरासा सरकायचा आणि ओझं जागच्या जागी निवायचं, कुणी त्यावर तळवा ठेवल्यासारखं. तावदानं झाली, जिन्याच्या पायऱ्या झाल्या, गच्चीवरची पाण्याची टाकी झाली. शेजारच्या खोलीतले दोघं दारात येऊन उभे राहिले. चहाचा कप घेऊन कंपनीची मालकीणही आली. तिला सगळे कप्तान म्हणत.

मुलगी पडद्याकडे पाहत नव्हती, वडिलांच्या हातांकडे पाहत होती. लहानपणी तिला बाबांचं काम म्हणून जे दाखवलं जायचं तो आभाळातला एक ठिपका असे. ते काम करताना कसे दिसतात, हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

वीसेक मिनिटांनी त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला.

"कसा वाटला?"

"यंत्र झकास केलंयस. दोराचा झोका तर अगदी खरा."

"पण?"

वडील शब्द शोधत राहिले. मुलीचं मन राखावं की खरं सांगावं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"कंटाळा आला," ते म्हणाले.

"बघा," प्रोग्रॅमर पटकन म्हणाली, "म्हणजे घड्याळ लागतंच."

"घड्याळाचं नाही गं. ज्याला घाई आवडते त्यानं खुशाल करावी, नाही कोण म्हणतंय? पण मला सांगा, खाली कोण आहे?"

"खाली कुणी नाही," मुलगी म्हणाली. "कशाला हवंय? तुम्हाला सगळं दिसतंय ना."

"तेच तर. चौतीस वर्षांत मला कधी सगळं दिसलं नाही. भिंतीमागे, खड्ड्यात, लिफ्टच्या पोकळीत माल उतरवायचा म्हणजे खाली सिग्नलमन हवा. तो वॉकीटॉकीवर बोलणार आणि त्याच्या शब्दावर मी ठेवणार. दिवस कसा सरायचा कळायचं नाही." ते थोडे थांबले. "इथं माझं मीच उचलतोय, माझं मीच ठेवतोय."

थोडा वेळ मुलीनं फळ्याकडे पाठ करून बोटांची नखं तपासली. मग उठली आणि स्वतःचं टेबल ओढत वडिलांच्या टेबलासमोर आणलं. दोन पडदे पाठीला पाठ लावून ठेवले.

"एक कॅमेरा केबिनमध्ये, एक जमिनीवर. किती वेळ लागेल?"

"कच्चं चालणार असेल तर अर्धा तास," प्रोग्रॅमर म्हणाली.

अर्ध्या तासानं वडील वर बसले आणि मुलगी खाली. वडिलांना फक्त इमारतीचं डोकं आणि भिंतीपलीकडे नाहीसा होणारा दोर दिसत होता. माल कुठं टेकवायचा, ते दिसत होतं फक्त मुलीला.

"डावीकडे घ्या."

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या."

"तुझी डावी मला कुठं दिसतेय?"

"बरं, रस्त्याकडे."

"हां, असं बोल."

"आता थोडं खाली."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे हातभर."

"माझा हात की तुझा?"

तिसऱ्या खेपेला त्यांनी मिळून अख्खी भिंत पाडली. विटा पडद्यावरून घरंगळत गेल्या आणि वडील हसायला लागले. घरी हसायचे तसं नाकातून नव्हे, पोट धरून. जेवणाची सुट्टी केव्हा झाली आणि केव्हा संपली, ते दोघांनाही कळलं नाही.

चार वाजता मुलगी कप्तानच्या खोलीत गेली. तिनं आधीच ठरवलं होतं की विनंतीच्या सुरात बोलायचं नाही.

"खेळण्याच्या तीन तऱ्हा ठेवायच्या. घड्याळाची, बिनघड्याळाची आणि दोघांची."

"तीन आठवड्यांत?" कप्तान म्हणाली. "आणि चाळीस लेव्हल्स कुणी तीन-तीनदा बांधायच्या?"

"चाळीस नकोत. बारा ठेवू."

"लोक म्हणतील, एवढासाच खेळ."

"आज चाळीस आहेत आणि लोक चौथ्या दिवशी उठून जातायत. लेव्हल्स कमी आहेत म्हणून नाही, प्रत्येक लेव्हलमध्ये एकच गोष्ट करायची आहे म्हणून. मी बाबांना जे करायला सांगत होते, ते त्यांना येत नव्हतं असं नाही. त्यांना ते करायचंच नव्हतं, आणि दुसरं काही करायची सोयच मी ठेवली नव्हती."

"फळ्यावर तूच लिहिलंयस ना ते?"

"मीच पुसते."

कप्ताननं कपाच्या तळाशी उरलेला चहा संपवला. "दोन आठवडे देते. जमलं नाही तर आहे तसा बाहेर जाईल."

"जमेल."

आणि जमलं. अठ्ठावीस लेव्हल्स काढून टाकताना मुलीला वाटलं होतं त्याहून कमी दुखलं. प्रोग्रॅमरनं घड्याळाची तऱ्हा जीव लावून जपली आणि उरलेल्या वेळात खेळासाठी वाऱ्याचा कोड लिहिला. सोडून गेलेल्या तेरा जणांपैकी चौघांना ऑफिसात बोलावलं. त्यातल्या दोघी मैत्रिणी पाचव्या लेव्हलवर एकमेकींशी इतक्या कडाक्याच्या भांडल्या की शेजारच्या खोलीतून कुणीतरी बघायला आलं. "आता उठा," असं त्यांना दोनदा सांगावं लागलं.

तेराव्या दिवशी मुलीनं वडिलांना पुन्हा बोलावलं. नववी लेव्हल सगळ्यात अवघड होती. लोखंडी सळ्यांची मोळी, वारा, आणि माल उतरवायचा भिंतीआड. वडील सवयीनं वरच्या खुर्चीकडे निघाले.

"तिथं नाही. आज तुम्ही खाली बसा."

"मी?"

"चौतीस वर्षं वर बसलात की."

वडील खालच्या खुर्चीत बसले. हेडफोन कानांवर नीट बसवायला त्यांना वेळ लागला. मग त्यांचा आवाज मुलीच्या कानात आला, तिनं कधी न ऐकलेला, सपाट आणि मोजका.

"रस्त्याकडे दोन हात. बस. आता खाली. सावकाश. अजून. अजून."

मुलीला नुसता दोर दिसत होता. भिंतीच्या कडेवरून तो खाली गेला होता आणि ती त्या आवाजाच्या आधारानं तो सोडत होती. हे इतकं सुखाचं असेल, असं तिला बनवताना वाटलं नव्हतं.

"थांब."

ती थांबली. काही क्षण गेले.

"बाबा?"

"थांब."

"इथून दोर सरळ आहे. काय झालं?"

"थांब म्हटलं ना."

पडद्यावर घड्याळ नव्हतं, तरी तिचे अंगठे शिवशिवायला लागले. दोर खरोखरच सरळ होता. वर सगळं ठीक होतं, आणि खालून कारण सांगायला कुणी तयार नव्हतं.

"निदान सांगा तरी."

शेवटी ती खुर्चीतून अर्धवट उठली आणि दोन पडद्यांवरून वाकून पाहिलं. वडिलांच्या पडद्यावर भिंतीआड चार कामगार होते, पिवळ्या टोप्या घातलेले, आणि त्यांच्या डोक्यांवरून सळ्यांच्या मोळीचं एक टोक सावकाश जात होतं, येत होतं, पुन्हा जात होतं. वडिलांचे दोन्ही तळवे टेबलावर दाबलेले होते. ते पापणी लववत नव्हते.

"एवढं हलतं?" त्यांनी विचारलं. प्रश्न प्रोग्रॅमरला होता, नजर पडद्यावरच.

"वर दोर बोटभर हलला की खाली हातभर जातो. मी खऱ्या वजनावरून काढलंय. चुकलंय का?"

"नाही," वडील म्हणाले. "बरोबरच असणार."

वारा पडला. मोळी हळूहळू निवली.

"आता घे खाली."

मुलीनं सळ्या टेकवल्या. पडद्यावर हिरवी अक्षरं आली आणि प्रोग्रॅमरनं टाळी वाजवली. वडिलांनी हेडफोन काढला नाही.

"एकदा मला असंच थांबवलं होतं," ते म्हणाले. "वीस मिनिटं. वारा होता, सळ्याच होत्या. मी वरून ओरडतोय की दोर सरळ आहे, आणि तो नुसता 'थांब' म्हणतोय. सगळ्या साइटला ऐकू जाईल असं मी त्याला भित्रा म्हणालो. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगून माणूस बदलून घेतला."

"सिग्नलमन?"

"अकरा वर्षं माझ्याबरोबर होता."

"कधीची गोष्ट ही?"

"सहा वर्षं झाली."

"पण मग त्यानं कारण का नाही सांगितलं तुम्हाला?"

वडिलांनी पडद्यावरच्या पिवळ्या टोप्यांकडे पाहिलं. "तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं का?"

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, खिशातला चष्मा चढवला आणि बाहेरच्या व्हरांड्यात गेले. दार काचेचं होतं आणि पुरतं लागत नसे. फोन लांब धरून ते बराच वेळ नाव शोधत राहिले. सापडल्यावरही लगेच लावला नाही.

प्रोग्रॅमरनं दहावी लेव्हल उघडली होती. मुलीनं हातानंच तिला खूण केली, की राहू दे.

"मी बोलतोय," बाहेरून आवाज आला. मग, "हो, हो. मीच. वरचा."

पलीकडून काहीतरी बोललं गेलं. वडील ऐकत उभे राहिले. मोकळ्या हातानं ते कठड्यावरची धूळ एका सरळ रेषेत पुसत होते.

"नाही, तब्येत ठणठणीत आहे. त्यासाठी नाही केला फोन." ते थांबले. "पोरीनं एक खेळ केलाय. क्रेनचाच. ... नाही रे, एकट्यानं मजा येत नाही. दोघं लागतात."

पलीकडचं ऐकता ऐकता कठड्यावरची धूळ पुसणारा त्यांचा हात थांबला.

"ये तर खरं," वडील म्हणाले. "तू वर बस. खाली मी उभा राहतो."