सुटलेला प्रश्न

आमच्या कापडगिरणीत बायकांचा प्रश्न सुटला तो एकोणीसशे तीसच्या जानेवारीत, एका मंगळवारी, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. मॉस्कोहून तसं पत्रच आलं होतं. प्रश्नच सुटला, तर तो सोडवणारा महिला विभाग कशाला पोसायचा? तेव्हा तो बंद करायचा होता. फक्त आमच्याकडे रीत अशी, की ज्याचं काही बंद व्हायचं त्यानंच ते बंद करा म्हणून मागणी करायची, आणि तीही एकमतानं. म्हणून सभा. मी गिरणीच्या भित्तिपत्रकात विनोद लिहायचो. अक्षर बरं होतं, म्हणून सभेचा वृत्तान्तही माझ्याच गळ्यात.

अडचण होती मार्फा ग्रिबोवाची. तिचा नवरा तिखोन आमच्याच मागखात्यात मिस्त्री. यंत्राचा जुना चामडी पट्टा तो घरी घेऊन गेला होता आणि त्याच्या घरी यंत्र नव्हतं. मार्फाच्या तक्रारीची सुनावणी महिला विभागापुढं गुरुवारी होती. विभाग बंद झाला की ती तक्रार कामगार समितीकडं जाणार, आणि समितीचा अध्यक्ष होता तिखोन.

विभागाची प्रमुख ग्लिकेरिया झोतोवा डोक्याचा लाल रुमाल घट्ट करून उठली. म्हणाली, एवढा गुरुवार जाऊ द्या, मग शुक्रवारी मागणी करतो आम्ही, हव्या तेवढ्या एकमतानं.

पक्षाचा सेक्रेटरी लापशिन मोठा गोड माणूस. त्यानं कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही, आणि म्हणूनच तो बोलायला लागला की लोक पाय जवळ घेऊन बसत. त्यानं समजावलं, की मारहाण मालमत्तेतून येते. मालमत्ता गेली, म्हणजे आता उरलाय तो नुसता जुना गाळ, आपोआप विरघळेल. तोवर कामगाराला कामगारापुढं उभं करणं म्हणजे कामगारवर्गात फूट पाडणं.

"किती दिवसांत विरघळेल, कॉम्रेड?" ग्लिकेरियानं विचारलं. "नाही, मार्फाला तसं सांगून ठेवते."

बायका हसल्या. लापशिनही हसला, आणि हसता हसता त्यानं वहीत काहीतरी टिपलं. मग बायका हसायच्या थांबल्या.

"हे बघा," तो म्हणाला, "तिखोन कुणी कुलक असता, गडी राबवणाऱ्या श्रीमंत शेतकऱ्याच्या घरातला असता, तर गोष्ट वेगळी. वर्गशत्रूसाठी आपण गुरुवारची वाट बघितली नसती."

मागच्या बाकावरून मार्फा उठली. एक डोळा सुजून मिटला होता. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"त्याचा बाप कुलकच होता. तीन घोडे, दोन गडी. यानं फॉर्मवर भूमिहीन म्हणून लिहिलंय."

पहिल्या रांगेत तिखोनच्या हातातली टोपी फिरायची थांबली. त्या हिवाळ्यात कुलकांची घरंच्या घरं, बायकामुलांसकट, सैबेरियाला धाडली जात होती.

"मार्फे, खाली बस," ग्लिकेरिया पुटपुटली. "अगं, बस ना गं खाली."

पण मार्फाला कसली बसायची घाई? लग्नाच्या सहा वर्षांत पहिल्यांदा तिचं कुणीतरी लिहून घेत होतं. तिनं गावाचं नाव सांगितलं, गड्यांची नावं सांगितली. मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच बरं आलं.

लापशिननं स्वतः उठून तिला पाण्याचा पेला दिला.

"लग्न होऊन तुम्ही त्याच घरात आलात ना?"

"हो तर."

"मग त्या गड्यांना जेवायला कोण वाढायचं?"

"मीच की," मार्फा म्हणाली. "दुसरं कोण होतं घरात?"

लापशिननं मान डोलावली. मग त्यानं ठराव वाचला आणि विरोधात कोण, असं विचारलं. ग्लिकेरिया जमिनीकडं बघत होती. एकही हात वर झाला नाही. एकमत झालं.

"मुलांचीही नावं घेऊन ठेवा," निघताना तो मला हळूच म्हणाला.

मार्फानं ती आनंदानं सांगितली, वयांसकट. धाकट्याचं लाडाचं नावसुद्धा.