दीड मिनिटाचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना गुणफलक आहे, आणि गेली तीन वर्षे माझे बहुतेक दिवे बंद असतात. मी बिघडलेलो नाही. मला मुद्दाम बंद ठेवले आहे. ते का, हे सांगायचे तर सुरुवातीपासूनच सांगायला हवे.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात लार्च क्रीक नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या ओरेस्ट दुत्का या वायरमनने धान्याच्या कोठाराचे उरलेले पत्रे जोडून एका हिवाळ्यात मला बनवले. डावीकडे त्याने 'आपण' असे रंगवले, उजवीकडे 'पाहुणे', मध्ये घड्याळ बसवले आणि खाली मोडीत निघालेल्या आगीच्या बंबाचा भोंगा जोडला. मग आइस हॉकीच्या बर्फाळ मैदानावर, म्हणजे रिंकवर, सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर मला चढवले.

सांगायला लाज वाटते, पण मी फार लवकर फुगलो. बर्फावर कोणी काठीने चकती मारून गोल केला की लोक आधी माझ्याकडे बघत आणि मग गोल करणाऱ्याकडे. मला वाटे, खेळ माझ्यासाठीच चालला आहे.

त्या काळात संघात डार्लीन नावाची नऊ वर्षांची एकच मुलगी होती. कोणाला खेळवायचे हे तिचा कोच माझ्याकडे बघून ठरवी. सामना अटीतटीचा असला की डार्लीन बाकावर. सामना हातचा गेला की तो म्हणे, "जा गं, आता तू जा." त्या हिवाळ्यात तिने बाकावर बसून माझे सगळे दिवे मोजले. एकशे अठ्ठावन्न. मला वाटले, ही पोर माझ्यावर खूश आहे.

डार्लीन शिकायला शहरात गेली आणि पुष्कळ वर्षांनी गावच्या शाळेत शिक्षिका होऊन परतली. तोवर गावात खेळणारी मुले जेमतेम नऊ उरली होती. तिने आसपासच्या चार गावांतल्या लहान मुलांची एक लीग सुरू केली. एका सामन्यामागे तीन सराव. गुण मोजायचे नाहीत. दर दीड मिनिटाने भोंगा वाजेल, तेव्हा बर्फावरची मुले बाहेर आणि बाकावरची आत, मग कोणी कितीही हुशार असो. हे ठरवून तिने माझ्या दिव्यांचा खटका खाली ओढला. घड्याळ आणि भोंगा तेवढे चालू राहिले.

ब्रेंट नावाचा शेतकरी पहिल्याच दिवशी तिला आडवा आला. त्याचा मुलगा ब्रॉडी गावातला सर्वात वेगवान खेळाडू होता.

"गुण नाहीत तर सामना कसला? सहल आहे का ही?"

"तुझ्या ब्रॉडीला उलटं, मागे मागे स्केटिंग येतं?" डार्लीनने विचारले.

"त्याला पुढे जाता येतं. गोल पुढेच असतो."

"आणि चकती दुसऱ्याकडे गेली तर?"

"ती जातच नाही," ब्रेंट म्हणाला.

मी मनातून ब्रेंटच्या बाजूचा होतो. माझ्यावर धूळ साचली. 'पाहुणे' या अक्षरांमागे एका चिमणीने बिऱ्हाड केले. पण दाखवायला काहीच उरले नाही, तेव्हा मी पहिल्यांदा खाली नीट बघायला लागलो. तेव्हा मला मुलांचे पाय दिसले.

तानिस नावाची एक मुलगी होती. ती क्री या मूळनिवासी लोकांच्या वस्तीतून, वीस किलोमीटरवरून, आजीच्या गाडीतून यायची. उजवीकडे ती छान वळे. डावीकडे वळली की धपकन पडे.

"कोच, या बाजूला बर्फच वाकडा आहे," ती एकदा कुरकुरली.

"मग सरळ कर. अजून वीस वेळा," डार्लीन म्हणाली.

तानिस वीस वेळा वळली आणि एकोणीस वेळा पडली. दुसऱ्या दिवशी येऊन तिने स्वतःहून वीस मागितले.

जानेवारीत मोठ्या शहराचा संघ पाहुणा म्हणून आला. ते लीगमध्ये नव्हते. त्यांना गुण हवे होते, म्हणून माझे दिवे लागले. इतक्या महिन्यांनी उजळल्यावर मला आनंद झाला नाही असे मी म्हणणार नाही. झाला. पण शेवटी माझ्यावर 'आपण १, पाहुणे ९' असे उमटले आणि बाकावर नऊ माना खाली गेल्या.

लगेच वरच्या खोलीत पालक जमले. तिची रिंककडची काच उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले. टेबलावरच्या पेरोगी, बटाटा भरलेल्या करंज्या, तशाच गार झाल्या होत्या.

"चारच जण खेळतात," ब्रेंट म्हणाला. "त्यांचा वेगळा संघ करा. बाकीच्यांमुळे माझा पोरगा का हरावा?"

तानिसची आजी एडना कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "हळू बोल बाबा. बाकीचे खालीच बूट सोडतायत. आणि चौघांचा संघ खेळणार कोणाशी? एकमेकांशी?"

कोणीतरी हसले. ब्रेंट नाही हसला.

डार्लीन उभी राहिली. "मला मार्चपर्यंत द्या. याच संघाला परत बोलावते. तेव्हाही पटलं नाही तर लीग बंद करा, मी रिंकची चावी ठेवून जाते. पण ब्रेंट, तोवर दर शनिवारी तू बर्फावर यायचंस, शिकवायला."

"येतो की! घाबरतो काय?"

शनिवारी तो आला. डार्लीनने त्याला सगळ्या मुलांसोबत मागे मागे जायला सांगितले. हा तगडा माणूस दोन हातसुद्धा गेला नाही, सपशेल पाठीवर पडला. जन्मभर तो नुसता पुढेच पळाला होता. तानिस त्याच्याजवळ गेली.

"ब्रेंटकाका, बूड खाली घ्या. अजून. खुर्चीत बसल्यासारखं."

"खुर्ची कुठाय?"

"मनात धरायची."

तो पुन्हा आदळला. "मोडली गं तुझी खुर्ची!"

"मला दोन महिने लागले," तानिस त्याला उठवत म्हणाली. "तुम्ही मोठे आहात, तुम्हाला जास्त लागतील."

रिंकभर हशा पिकला आणि त्यात ब्रेंटही होता. त्यानंतर त्याने एकही शनिवार चुकवला नाही. फेब्रुवारीत तो ब्रॉडीला ओरडून सांगताना मी ऐकले, "मान वर ठेव! बाजूला तानिस मोकळी आहे, दिसत नाही का?"

मार्चमध्ये पाहुणे परतले. माझे दिवे पुन्हा लागले. या वेळी आमची मुले चकती एकमेकांना देत होती आणि गेली तर मागे फिरून परत मिळवत होती. शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा माझ्यावर आकडे होते, 'आपण ४, पाहुणे ५'. चारपैकी तीन गोल ब्रॉडीचे होते. तो बर्फावरच होता, आणि त्याची पाळी संपत आली होती.

"ब्रॉडीला राहू दे! भोंगा गेला खड्ड्यात!" बाकड्यांवरून लोक ओरडू लागले.

डार्लीनने ब्रेंटकडे बघितले. बाकाजवळचे दार ब्रेंटच्या हातात होते. घड्याळात दीड मिनिट उरले आणि मी वाजलो. आयुष्यात इतक्या जोराने मी कधी वाजलो नसेन.

ब्रेंटने दार सताड उघडले. "ब्रॉडी, बाहेर ये."

"पप्पा, पण एकच गोल हवाय!"

"ऐकलं मी. बाहेर ये. तानिस, जा."

तानिस गेली. चकती तिच्याकडे आली तेव्हा उजवी वाट दोघांनी अडवली होती. ती डावीकडे वळली, कलली, हलली, पण पडली नाही. तिने चकती मारली. ती गोलच्या लोखंडी खांबावर टण्णकन आपटून बाहेर गेली.

आम्ही हरलो. माझ्यावरचा आकडा बदलला नाही. पण ब्रॉडी बाकावरून उडी मारून तिच्याकडे धावला आणि म्हणाला, "वळलीस! पडली नाहीस!" आणि पाहुण्यांचा कोच डार्लीनजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमची नऊच्या नऊ पोरं उलटं स्केटिंग करतात. आमची तिघंच करतात. पुढच्या वर्षी आम्हाला तुमच्या लीगमध्ये घ्याल?"

लीग बंद करण्याची गोष्ट मग कोणी काढली नाही. पुढच्या हिवाळ्यात तेवीस मुले आली.

मित्रांनो, मला जपा. माझ्या तारा तपासा, माझी धूळ पुसा. मोठ्या मुलांच्या सामन्यांना मी लागतोच, आणि तेव्हा मी खोटे बोलणार नाही. पण तुमच्याकडेही माझे भाऊबंद असतील, मैदानावर किंवा शाळेच्या प्रगतिपुस्तकात. एखाद्या लहान मुलाला त्यांच्याखाली उभे कराल, तेव्हा एक लक्षात ठेवा. आकडा बदलायला मला क्षणभर लागतो, पण पाय तयार व्हायला अख्खा हिवाळा लागतो. तेवढा हिवाळा त्याला द्या.