आत्याचं मागणं

लुपेनं केवड्याच्या पातीच्या चटईची तीच ओळ तिसऱ्यांदा उसवली. दारात तिचा धाकटा भाऊ सेमिसी कागद घेऊन उभा होता. वावाऊ बेटावर पन्नाशीचा भाऊसुद्धा बहिणीसमोर पाय पसरून बसत नाही आणि आवाज चढवत नाही, म्हणून तो जमिनीकडे बघून बोलत होता.

"ताई, शनिवारी आमच्या सेइनीचं लग्न. आत्याचा मान पहिला. मोठी चटई, डुक्कर, सगळं तुझ्यापुढे येईल."

"पोरगी पंधराची आहे."

"पंधरा पूर्ण आहेत. कायद्यात बसतं. बापाची सही लागते, ती केली."

"पंधराच का रे? वीस का नाही?"

"शहाण्या माणसांनी ठरवलंय, आपण कोण विचारणारे? राजधानीतल्या बायका अठरा म्हणतात. त्यांचं काय जातं बोलायला? गायनाच्या सरावानंतर ही त्या मुलाच्या गाडीतून घरी आली, साऱ्या चर्चनं पाहिलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? लग्न झालं की तोंडं बंद."

"कुणाची?"

लुपे उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिच्या वेळी वडिलांनी अशीच सही केली होती. पोरीनं नशीब काढलं, असं सारा गाव म्हणाला होता आणि पुढे चाळीस वर्षं तीही तेच म्हणत आली. आता तिला राग आला होता, भावाचा, वडिलांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"सेमिसी, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

त्यानं घाबरून वर पाहिलं. बहिणीनं मागितलं की भावानं नाही म्हणायचं नाही, मग ते डुक्कर असो की होडी. इथले भाऊ बहिणींना वचकून असतात ते उगाच नाही.

"नाही, ताई."

"आज मागते. सेइनी मला दे. माझ्या घरी राहील. तो कागद ठेव इथे."

"मी मुलाकडच्यांना शब्द दिलाय गं."

"सांग, आत्यानं नेली. कुणी ब्र काढणार नाही."

ते खरंच होतं; इथे भावाच्या मुलांवर आत्याचा शब्द शेवटचा असतो. सेमिसीनं कागद उंबऱ्यावर ठेवला आणि मान खाली घालून निघून गेला. लुपेला वाटलं, जिंकले.

संध्याकाळी सेइनी कपड्यांची पिशवी घेऊन आली. आत न येता दारातच उभी राहिली.

"बाबांनी देऊन टाकलं, तू घेऊन टाकलंस. आत्या, मी काय चटई आहे?"

पोरीचं काही चुकलं नव्हतं. लुपे कडेला सरकली आणि शेजारची जागा तिनं हातानं झाडली.

"बस. तुला काय हवंय?"

सेइनी बसली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, तेव्हा उत्तर तयार असायचं कारण नव्हतं. आधी ती हो म्हणायला गेली, मग नाही म्हणायला गेली.

"मला माहीत नाही," ती अखेर म्हणाली आणि रडू लागली.

"मलाही माझ्या वेळी माहीत नव्हतं गं," लुपे म्हणाली. "तरी मी हो म्हणाले होते."