रुमेनाच्या नावावर

इनाक मुल्हानने डोक्यावरची ओल्या शेवाळाची टोपली न उतरवताच पायवाटेवर आडवी बांधलेली दोरी एका हाताने वर उचलली आणि गुडघ्यांत वाकून पलीकडे गेली. टोपलीतलं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. दोरीच्या टोकाशी मोजणीवाला लाल रंगाचा डबा घेऊन उभा होता.

"पुढच्या महिन्यापासून इकडून येणं बंद बरं का, इनाक," तो म्हणाला. "इथे भिंत येणार आहे."

"आणि आम्ही कुठून जायचं?"

त्याने डबा धरलेल्या हातानेच टेकडीकडे दाखवलं. "तिकडून वळसा. फार नाही, दोन-अडीच किलोमीटर."

"ही टोपली तुझ्या डोक्यावर ठेवते. मग सांग, फार की थोडं."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. नकाशात जिथे रेघ होती तिथे खुंट्या ठोकत होता, इतकंच.

गंमत अशी की ज्या जमिनीवर तो खुंट्या ठोकत होता ती कागदोपत्री इनाक मुल्हानचीच होती. परदेशी माणसाला या देशात जमीन विकत घेता येत नाही. नऊ वर्षांपूर्वी डेन्मार्कहून आलेल्या हेनिंगला खाडीवरचा हा उतार आवडला. पैसे त्याने मोजले आणि खरेदीखतावर नाव आलं ते त्याच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईचं, रुमेना. ते तिचं जन्माचं नाव. मुल्हान झाला तेव्हापासून लोंबोक बेटावरच्या रीतीप्रमाणे ती इनाक मुल्हान, मुल्हानची आई, झाली होती. आता मुल्हान मलेशियात ताडाच्या मळ्यावर होता, नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि रुमेना हे नाव ओळखपत्रात आणि त्या खरेदीखतात तेवढं शिल्लक होतं.

किनाऱ्यावर समुद्रात लावायची शेवाळाची रोपं दोरीला बांधत बसलेल्या बायका तिला सोडत नसत.

"मालकीणबाई आल्या! सरका गं, जागा द्या."

"काय मालकीणबाई, आज भांडी घासायला गडी आला नाही वाटतं?"

"आला होता की," ती म्हणायची. "तुझाच नवरा होता."

हेनिंगने दोन खोल्यांचं घर आणि पुढे ओसरी बांधली, पण कुंपण घातलं नाही. पायवाट ओसरीपासून दहा पावलांवरून जायची. पहाटे बायका टोपल्या घेऊन उतरू लागल्या की तो हातातला कॉफीचा पेला जरासा वर करायचा. नऊ वर्षांत त्याची ओळख एवढीच. गावजेवणाला बोलावलं तर पैसे पाठवायचा, स्वतः यायचा नाही. बोली त्याला येत होती, पण बांध रचणारा गडी एकेक दगड ठेवतो तसा तो शब्दामागे शब्द ठेवायचा.

गेल्या पावसाळ्यात तो न्हाणीघरात घसरून पडला. गाडीच्या मागच्या फळीवर निजवून त्याला शहरात न्यावं लागलं. डेन्मार्कहून मुलीने फोनवर सांगितलं, आता पुरे, विका आणि या. जकार्ताची एक कंपनी घ्यायला तयार होती. तिला तिथे पाहुण्यांसाठी बंगले बांधायचे होते.

"इनाक, तू फक्त एक सही," हेनिंग म्हणाला होता.

"आणि वाट?"

"मी विचारलं. ते म्हणाले, बघू."

सौदा जुळवला होता तिच्या दिराने, आमाक साहनिमने, म्हणजे साहनिमच्या बापाने. हा तोच दीर, जो दोन वर्षांपूर्वी तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाला होता, "वहिनी, कागद तुझ्या नावावर आहे. उद्या तू म्हणालीस ही जमीन माझी, तर तो म्हातारा कुणाच्या दारात जाणार?" दुसऱ्याच्या ताटातलं मी आजवर उचललं नाही, असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं होतं. आता कंपनीने दलाली कबूल केल्यावर त्याचा सूर बदलला होता. वहिनी, जमीन त्याची, आपण कशाला मध्ये पडायचं, सही कर आणि मोकळी हो.

मंगळवारी आमाक साहनिमच्याच गाडीतून तिघं शहरात गेली. ती ईदची ओढणी घेऊन निघाली होती. हेनिंग खिडकीला डोकं टेकून बाहेरची भातशेतं बघत होता.

दस्त करणाऱ्या बाई चष्मा नाकावर घेऊन बसल्या होत्या. कंपनीचा माणूस आधीच येऊन बसला होता. बाईंनी सगळा मजकूर वाचून दाखवला. लांबी, रुंदी, पूर्वेला कोण, पश्चिमेला समुद्र. वाटेचा कुठे उल्लेख नव्हता. कागदापुरती ती वाट नव्हतीच.

"रुमेना कोण?"

इनाक मुल्हानला क्षणभर कळलंच नाही. आमाक साहनिमने कोपराने ढोसलं.

"मी."

"ही जमीन तुमच्या मालकीची, तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतलेली. बरोबर ना?"

हा प्रश्न तिला नऊ वर्षांपूर्वीही एकाने विचारला होता. तेव्हा शेजारी नवरा होता. त्याने मान हलवली, म्हणून तिनेही हलवली. त्याच्या मोबदल्यात त्या पावसाळ्याआधी त्यांच्या घरावर नवे पत्रे आले. पण पुढे कितीतरी दिवस नमाजाला बसलं की ती हललेली मान तिला आठवायची.

"नाही," ती म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नावावर आहे माझ्या. माझी नाही. पैसे यांचे."

"अहो, बाई घाबरल्या आहेत," कंपनीचा माणूस म्हणाला. "खेड्यातल्या बाया, कचेरी बघितली की..."

"वहिनी!" आमाक साहनिम दातओठ खात म्हणाला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पुन्हा विचारते. नीट ऐका आणि मग सांगा. ही जमीन तुमचीच ना?"

"नाही."

आता सगळे हेनिंगकडे बघायला लागले. त्याने नुसतं हसून म्हटलं असतं की हिचा गोंधळ झालाय, तरी भागलं असतं. दहा मिनिटं बाहेर नेऊन, चहा पाजून, तिला परत आणून बसवता आलं असतं. त्याला प्रश्न कळला नव्हता असंही नव्हतं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा पुसायला घेतला.

बाईंनी फाइल मिटली.

"हे मी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "ऐकलं असतं तर मला बरंच काही वर कळवावं लागलं असतं. घरी जा सगळे."

परतीच्या वाटेवर आमाक साहनिम गाडीपेक्षा जास्त आवाज करत होता.

"खरं बोलायचा झटका आजच यायचा होता? नऊ वर्षं कुठे निजलं होतं तुझं खरं? ना त्याला पैसा, ना मला, ना तुला. आता बस त्या जमिनीवर शेवाळ वाळवत!"

"समोर बघून चालव," ती म्हणाली. "म्हैस आहे."

म्हैस गेली. मग ती मागे वळली. हेनिंग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. नमाजात आठवणाऱ्या त्या हललेल्या मानेसाठी बोलून गेले की वाटेसाठी, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"पाक," वडीलधाऱ्यांना मारायची आदराची हाक मारून ती म्हणाली, "मी तुमचं नुकसान केलं."

"हो," हेनिंग म्हणाला. "केलंस."

"तुम्ही आहात तोवर घर तुमचं. मला त्यातलं काही नको. इमामसाहेबांसमोर लिहून देते."

त्याने मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ हो होता की नाही, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी स्वयंपाकाला गेली. त्याने दार उघडलं, भात-मासळी खाल्ली, थाळी स्वतः धुतली. तिसऱ्या दिवशीही तेच. पहाटे ओसरीवर तो दिसेनासा झाला, पेला वर करणारं कुणी नव्हतं. बायका हळू आवाजात विचारायच्या, "आता काय करणार गं म्हातारा?" ती रोपं बांधत राहायची. त्याच्या औषधांच्या गोळ्या तिने डबीत मोजून पाहिल्या होत्या. घेत होता, तेवढं बरं होतं. मोजणीवाला कधीतरी येऊन दोरी काढून घेऊन गेला.

शुक्रवारी दुपारी मशिदीतली नमाज सुटल्यावर बायका सावलीत दोऱ्या पसरून बसल्या होत्या. वाटेवरून काठी टेकत हेनिंग खाली उतरला. नऊ वर्षांत तो या बाजूला आला नव्हता. एकीने पटकन ओढणी सारखी केली, दुसरी हसायला लागली. त्याने चपला काढल्या, विजार घोट्यावर दुमडली आणि कुणाला न विचारता इनाक मुल्हानच्या शेजारी वाळूत बसला. बसताना कमरेतून कळ आली असावी. तोंड वाकडं झालं. मग समोरच्या ढिगातलं एक रोप उचलून दोरीला बांधायला लागला.

"अहो पाक, फार आवळताय," समोरची म्हणाली. "मरेल ते."

"जहाजावर चाळीस वर्षं असंच बांधलं."

"हे काय जहाज आहे?"

बायका खदखदल्या. त्याने गाठ सोडली, दुसऱ्यांदा सैल बांधली. इनाक मुल्हानने बघून मान डोलावली. बराच वेळ तो तसा बांधत राहिला. तिच्या दहा गाठी व्हायच्या तेव्हा त्याची एक.

"मुलीला फोन केला," तो म्हणाला. "म्हणालो, घर विकलं नाही."

"मग?"

"रागावली. खूप वेळ." त्याने पुढचं रोप उचललं. "मग म्हणाली, जुलैत येते. बघते, काय आहे तिथे."

या नऊ वर्षांत ती एकदाही आली नव्हती. इनाक मुल्हानचे हात चालूच होते.

"जुलैत वारा फार असतो," ती म्हणाली. "तुमच्याकडे एकच जाड चादर आहे. माझी देईन तिला."