अकरावी कॅसेट उतरवताना

मी एक जुना राउटर आहे. मूळचा काळा, पण बारा वर्षांच्या धुळीने आणि फोडणीच्या वाफेने आता कुठल्याच रंगाचा उरलेलो नाही. मला दोन अँटेना आहेत. त्यातली डावी मोडकी असून चिकटपट्टीच्या आधाराने उभी आहे. चंडीगढच्या सेक्टर तीसमधल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, फ्रिजच्या डोक्यावर माझी जागा आहे. तारेतून घरात आलेले इंटरनेट प्रत्येकाच्या फोनला आणि कॉम्प्युटरला वाटून द्यायचे, एवढेच माझे काम. थोडक्यात, मी पंगतीतला वाढपी. सगळे सुरळीत चालले असताना वाढप्याकडे कुणी बघत नाही, पण भात उशिरा आला की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात.

मित्रांनो, माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. एका दिवसात माझी हजारो भावंडे जन्मली, त्यामुळे कौतुक असे कुणाचेच झाले नाही. कौतुक झाले ते सेक्टर वीसच्या दुकानातून रघुनाथरावांनी मला घरी आणले तेव्हा. रघुनाथराव मूळचे सांगलीचे. इथल्या सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रे बनवतात. घरात ते आणि त्यांची मुलगी जाई, दोघेच. जाई तेव्हा तिसरीत होती. पहिल्या संध्याकाळी बापलेक खुर्च्या ओढून माझ्यासमोर बसले आणि माझे हिरवे दिवे लागताना बघत राहिले. एवढे टक लावून माझ्याकडे पुन्हा कुणी बघितले नाही.

ते दिवस फार चांगले होते. जाईचे शाळेचे प्रकल्प माझ्यातून गेले. सांगलीच्या काकूंचे व्हिडिओ कॉल माझ्यातून आले. काकू नेहमी कपाळच दाखवत. दसऱ्याला प्रयोगशाळेतली यंत्रे पुजून झाली की रघुनाथराव उरलेले झेंडूचे फूल आणून माझ्यावर ठेवत. टाळेबंदीत तर बाबांचे ऑफिस आणि जाईची शाळा, दोन्ही मी एकट्याने सांभाळले. त्या दोन वर्षांत मला कुणी नाव ठेवले नाही. पुढे सगळ्यांना सगळेच लवकर हवे झाले आणि मी 'स्लो' ठरलो. झेंडूही मग एखाद्या वर्षी विसरला जाऊ लागला. मला राग आला नाही असे म्हणणार नाही. आला.

आता त्या रविवारची गोष्ट सांगतो.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट होत्या, एकूण चौदा. मंडळाचे जुने चिटणीस राजाभाऊ निवृत्त होऊन नाशिकला गेले, तेव्हा त्यांनी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. मंडळातली माणसे बदलीची. कुणी बँकेतले, कुणी फौजेतले. आज एक जण कोचीला तर दुसरा आसामात. एवढ्या मोठ्या फाइली पाठवायच्या कशा? मग राजाभाऊंनी टॉरंटची युक्ती काढली. त्यात फाइल एका ठिकाणाहून येत नाही. ज्याच्याकडे जो तुकडा असेल तो तो देतो, आणि घेणाराही आपल्याकडे आलेला तुकडा लगेच पुढे देऊ लागतो. राजाभाऊंनी ग्रुपवर लिहिले होते, "घ्या तसे द्याही." सगळ्यांनी आपापल्या मुलांचे नाच आणि आपापल्या आरत्या उतरवून घेतल्या.

अकरावी कॅसेट मात्र कुणाला नको होती. त्या वर्षी नाटक होते, पण कॅमेऱ्याचा स्टँड मोडल्यामुळे कॅमेरा विंगेतल्या स्टुलावर ठेवला होता. चित्रात फक्त पडद्याची दोरी आणि नटांच्या पाठी. स्वतःची पाठ बघायला कोण उतरवून घेईल? ती पूर्ण उतरवली एकट्या निशांतने, कारण तो त्या नाटकाचा नायक होता. तेव्हा तो हवाई दलात नवीन लागला होता, आता विंग कमांडर आहे आणि आसामात असतो. पुढे राजाभाऊंची डिस्क गेली. मूळ कॅसेटला बुरशी लागली होती, ती त्यांनी आधीच टाकून दिली होती. जगात अकरावी कॅसेट आता निशांतकडे तेवढी राहिली.

एका बुधवारी निशांतचा फोन आला.

"रघुनाथकाका, ते नाटक परवा पहिल्यांदाच नीट ऐकलं. अहो, कॅमेरा प्रॉम्प्टरच्या शेजारी होता. आमचे आवाज लांबून येतात. प्रतिमाकाकूंचा अगदी जवळून येतो. पूर्ण दोन तास."

रघुनाथराव फ्रिजला टेकून उभे होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

प्रतिमाताई म्हणजे जाईची आई. ती गेली तेव्हा जाई अडीच वर्षांची होती. घरात तिचे फोटो भरपूर आहेत, आवाज मात्र कुठेच नव्हता. मंडळाच्या नाटकांना ती प्रॉम्प्टिंग करी, आणि पहिल्या रांगेलाही आपला आवाज जात नाही याचा तिला अभिमान होता.

निशांतने पुढचे सांगितले ते वाईट होते. त्याची डिस्क टकटक वाजू लागली होती. पेनड्राइव्हवर फाइल घ्यायला जावे तर ती मध्येच अडके. तुकड्या-तुकड्यांनी मात्र निघत होती. आणि रविवारी दुपारी बारा वाजता त्याच्या बदलीच्या सामानाचा ट्रक निघणार होता. त्या प्रवासात ती डिस्क टिकेल असे त्याला वाटत नव्हते.

म्हणजे मित्रांनो, हातात चार दिवस होते, आणि मध्ये होतो मी.

गुरुवारी उतरवणे सुरू झाले आणि वीस मिनिटांत बंद पडले. माझे सगळे दिवे हिरवे, पण एकही पान उघडेना. रघुनाथरावांनी मला बंद करून चालू केले. पुन्हा वीस मिनिटे चाललो, पुन्हा बंद. शुक्रवारी त्यांनी तार बदलली. शनिवारी मला फ्रिजवरून उतरवून टेबलावर ठेवले आणि पुढ्यात पंखा लावला. गार वारा छान लागला, उपयोग काही झाला नाही. कंपनीचा माणूस आला, त्याने लाइन तपासली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "सरजी, लाइन तो ओके है. ये पुराना हो गया जी. नया लगवा लो."

ज्याने काम केले तो जुना झाला म्हणून दोषी. ही रीत मला नवी नव्हती, तरी लागायचे ते लागलेच.

खरे काय होत होते ते मला ठाऊक होते, पण सांगणार कसे? घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीचे नाव मला लक्षात ठेवावे लागते. कुणी काय मागितले आणि उत्तर कुणाला द्यायचे, हे विसरून चालत नाही. माझ्या डोक्यात जेमतेम हजार नावे मावतात. साध्या दिवशी दोनशेही होत नाहीत. पण रघुनाथरावांनी बाकीच्या तेरा कॅसेट देण्यासाठी उघड्या टाकल्या होत्या, आणि जोडण्यांच्या मर्यादेच्या रकान्यात लिहिले होते 'अमर्याद'. एकेक घेणारा तेरा कॅसेटसाठी तेरा जोडण्या करी, तुटली की नवी करी, आणि माझी हजार नावे वीस मिनिटांत भरत. निघून गेलेल्यांची नावेही लगेच पुसली जात नाहीत. मग नवीन माणूस दाराशी आला की मला त्याला परत पाठवावे लागे. परत जाणाऱ्यांत निशांतही असे.

अमर्याद का, तेही सांगतो. शेजारच्या बीजी, म्हणजे पंजाबी आजी, मोहरीच्या पाल्याची भाजी डब्यातून पाठवतात. तो डबा या घरातून कधी रिकामा परत गेला नाही. करंजी नाही तर शंकरपाळे, काहीच नसेल तर चिमूटभर साखर. प्रतिमाताईची ती शिस्त रघुनाथरावांनी अठरा वर्षे पाळली. एवढी मोठी गोष्ट मागायची आणि आपले दार अर्धे लावून घ्यायचे, हे त्यांना जमण्यासारखे नव्हते.

रविवारी सकाळी नऊ वाजता कॅसेट त्र्याण्णव टक्क्यांवर अडकली होती. रघुनाथरावांनी स्क्रू ड्रायव्हर आणला. मला उघडणार होते. तेवढ्यात जाई कॉम्प्युटरसमोर बसली. ती आता मोहालीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. तिला मराठी सगळे समजते, उत्तर हिंदीत येते.

"बाबा, रुको. मेरा गाना चल रहा है. लेकिन नया पेज नहीं खुल रहा. अजीब है ना?"

"यात काय अजीब? जुना झालाय तो."

"पुराना होता तो गाना भी बंद होता यार."

"बापाला यार म्हणतेस?"

ती हसली नाही. तिने माझ्या पोटावरची चिठ्ठी वाचून माझे सेटिंगचे पान उघडले आणि जोडण्यांचा आकडा शोधला. एक हजार चोवीस. तिने मला बंद करून चालू केले आणि आकड्यावर बोट ठेवून बसली. आकडा चढत गेला. हजारापाशी पोचला आणि पुढचे पान उघडेना. बारा वर्षांत माझ्या डोक्यात कुणी पहिल्यांदाच डोकावले होते. मला भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही.

"राउटर ठीक है, बाबा. इसका पेट भर जाता है. ये तेरह कॅसेट थोड़ी देर बंद करो. और लिमिट लगाओ, पचास."

"लोकांकडून घ्यायचं आणि आपण बंद करायचं? आईला तुझ्या आवडलं असतं का?"

"मला काय माहीत, आईला काय आवडायचं," जाई म्हणाली. हे तिने मराठीत म्हटले. मग ती सावकाश म्हणाली, "बीजी को डिब्बा लौटाते हो, तो पूरा किचन उठाके थोड़ी देते हो. एक बार में एक डिब्बा. बाकी के बाद में."

रघुनाथराव स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन उभे राहिले. मग तो त्यांनी खिशात ठेवला आणि म्हणाले, "लाव पन्नास."

तेरा कॅसेट थांबल्या. माझे डोके हळूहळू रिकामे झाले. निशांतची जोडणी आली आणि या वेळी मी तिला घट्ट धरून ठेवले. चौऱ्याण्णव. शहाण्णव. अकरा वाजता अठ्ठ्याण्णव. मग त्या टकटकणाऱ्या डिस्कनेच दम खाल्ला. एकेक तुकडा तीन-तीनदा मागावा लागत होता. बाराला पाच कमी असताना फोन वाजला.

"काका, ट्रक दारात आलाय. सगळं चढलं, हा कॉम्प्युटर सोडून. ईश्वरीनं ड्रायव्हरला चहा दिलाय."

"किती वेळ थांबेल?"

"चहा संपेपर्यंत. दुसरा करायला सांगतो."

तीन कप झाले, असे निशांतची बायको ईश्वरी हिच्याकडून नंतर कळले. बारा वाजून सतरा मिनिटांनी शेवटचा तुकडा माझ्यातून गेला. माझ्यासाठी तो इतर तुकड्यांसारखाच होता. आत काय आहे ते मला कळत नाही. ते कळले जाईने फाइल लावली तेव्हा.

पडद्याची दोरी. पाठमोरा निशांत, बारीकसा. लांबून संवाद. आणि अगदी कानाशी एक कुजबुज, न घाईची, न ओढलेली. "दार उघडा, मी परत आलो आहे." लगेच लांबून निशांतचे, "दार उघडा, मी परत आलो आहे."

"ये आई है?" जाईने विचारले. रघुनाथरावांनी होकाराने मान हलवली.

दुसऱ्या अंकात निशांत मध्येच थांबला. बोलेचना. प्रेक्षागृहात कुणी खोकले, कुणी हसले. रघुनाथराव म्हणाले, "इथंच तो वाक्य विसरला. सगळं मंडळ अठरा वर्षं त्याला चिडवतंय."

पण कॅमेऱ्याला वेगळेच ऐकू आले होते. जवळ एक लहान मूल किरकिरत होते, आणि ती कुजबुज म्हणत होती, "काय झालं जाई? ये, मांडीवर ये. भूक लागली? संपतच आलं हं. आई कुठ्ठं जात नाही." मग पान उलटल्याचा आवाज, आणि गडबडीने, "निशांत, 'हा माझा अपराध', हा माझा अपराध म्हण."

निशांत काहीच विसरला नव्हता, विंगेतून यायच्या वाक्याची वाट बघत होता. प्रतिमाताईने तो दोष त्याच्यावर राहू दिला होता, आणि निशांतने अठरा वर्षे तो मुकाट्याने घेतला होता. रघुनाथराव हसले आणि हसता हसता चष्मा काढून बसले. जाईने ती जागा पुन्हा लावली. पुन्हा लावली. दुपारचे जेवण तसेच राहिले.

संध्याकाळी रघुनाथरावांनी बाकीच्या तेरा कॅसेट पुन्हा सुरू केल्या, मर्यादा घालून, एका वेळी एक. कुणाचे काही अडले नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा नाही, हे मला माहीत आहे. नवा राउटर येईल आणि यावाच. पण तुमच्या घरातले एखादे यंत्र अडून बसले, तर त्याला मोडीत काढण्याआधी एवढे बघा, की त्याच्याकडून एका वेळी किती मागितले जात आहे. माणसांच्या बाबतीतही बघा. ज्याचे दिवे हिरवे आहेत तो ठीकच असेल असे नाही, आणि जो मध्येच गप्प झाला तो विसरलाच असेल असेही नाही. विंगेत तेव्हा कुणाच्या मांडीवर कोण होते, ते कुणाला तरी विचारावेसे वाटले पाहिजे.